पांढऱ्या फितीची तार

मी हॉस्पिटलच्या नोंदणीच्या खिडकीत बसते. एकोणीस वर्षं बसते आहे. माझा स्वभाव तापट आहे असं सगळे म्हणतात. सकाळी आठपासून दोनशे माणसं एकच प्रश्न दोनशे तऱ्हांनी विचारत असताना ज्याला शांत राहता येतं त्याने माझ्या जागी यावं, मी आनंदाने उठते. पण ही गोष्ट माझी नाही. ही पूलमास्तरांची आहे, आणि मी सांगते आहे कारण ती पूर्ण ठाऊक असलेलं दुसरं कोणी नाही. ज्या बाईला ती ठाऊक असायला हवी तिला तर नाहीच नाही.

पूलमास्तर म्हणजे आमच्याकडच्या कॉम्प्युटरच्या तारा सांभाळणारे. उंची बेताची, खिशात पक्कड आणि पांढऱ्या चिकटफितीचं रीळ, आणि चालणं इतकं हलकं की शेजारी येऊन उभे राहिले तरी पत्ता लागायचा नाही. त्यांना शिकवण्याची खोड होती म्हणून ‘मास्तर’. आणि ‘पूल’ का, त्याला माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल.

तेव्हाही हॉस्पिटलच्या दोन इमारती होत्या, जुनी आणि नवी, आणि मधे एक लांब बोळ. दोन्हीकडे मिळून चाळीसेक कॉम्प्युटर. त्यांच्या तारा एकत्र आणणारी जी डबी होती तिला हब म्हणत, आणि तिला अक्कल म्हणून नव्हती. एका तारेतून आलेलं ती बाकीच्या सगळ्या तारांत ओतायची. मी इथे कोणा पेशंटचं वय टाकलं की ते क्ष-किरणवाल्याकडे जायचं, औषधवाल्याकडे जायचं, जो तो ‘हे माझं नाही’ म्हणून सोडून द्यायचा. दोघं एकदम बोलले की दोघांचंही फुकट, पुन्हा पहिल्यापासून सांगा. थोडक्यात आमच्या घरच्यासारखंच.

मग मास्तरांनी कुठून तरी एक पेटी मिळवली आणि दोन इमारतींच्या मधे बसवली. तिचं नाव ब्रिज. मास्तरांनी तिला पूल म्हटलं, आणि पुढे त्याच जातीचे स्विच आले, दोन काठांच्या जागी चोवीस तोंडं असलेले, तरी ते त्यांनाही पूलच म्हणत राहिले. “जात तीच आहे हो, खिडकीबाई. फक्त काठ वाढले.” मला ते खिडकीबाई म्हणायचे. माझं खरं नाव त्यांना माहीत असावं अशी माझी समजूत आहे, खात्री नाही.

रोज पावणेअकराला ते चहाचा कप घेऊन माझ्या खिडकीच्या आतल्या बाजूला येऊन उभे राहत आणि मला शिकवत. मला शिकायचंय का हे त्यांनी कधी विचारलं नाही.

“पूल निरोप उघडून बघत नाही,” ते सांगायचे. “पाकिटावरची दोन नावं वाचतो, बस. आधी बघतो कोणाकडून आलं. ते ज्या दारातून आलं ते दार त्या नावापुढे लिहून ठेवतो. मग बघतो कोणाला जायचंय. माणसं उलटं करतात. आधी बघतात कोणाला, आणि पाठवणारा कोण ते विसरूनच जातात.”

“आणि ज्याला जायचं त्याचं दार माहीत नसेल तर?”

“तर आलेलं दार सोडून बाकी सगळ्या दारांवर टकटक. ज्याचं असेल तो उत्तर देतो. उत्तर दिलं की त्याचंही दार कळलं. पुढच्या वेळी थेट.”

“हुशार आहे की मेला.”

“आणि पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही, की त्याचं नाव पुसून टाकतो.”

“पाच मिनिटांत? एवढा कृतघ्न?”

“कृतघ्न कसला! माणूस खोली बदलतो. जुना पत्ता धरून बसलं तर निरोप चुकीच्या दारात पडून राहायचा.”

एका गोष्टीला मात्र मास्तर मनापासून घाबरत. कुठल्याही दोन पुलांमधे एका वेळी एकच वाट हवी, दोन झाल्या की संपलं. “कागदाला तारीख असते, औषधाला असते. या निरोपाला मरणाची तारीखच नाही. सगळ्यांसाठी म्हणून एक हाक कोणी मारली आणि वाट गोल असली, तर ती हाक एका तारेनं जाते, दुसरीनं परत येते, पुन्हा जाते. दर फेरीला प्रत्येक दारात तिची एक प्रत. थकत नाही, मरत नाही. थोड्याच वेळात दुसरं काही बोलायला जागाच उरत नाही.” याला ते वावटळ म्हणत. नवी इमारत वाढली तशी तिथल्या एका डॉक्टरांनी एकदा एकाच तारेची दोन्ही टोकं टेबलाखालच्या एकाच डबीत खुपसली होती. मोकळं भोक दिसलं की त्यांच्याच्यानं राहवत नाही. तेव्हा अर्धा दिवस वावटळ चालली होती.

आणि तरीही मास्तरांनी दोन इमारतींच्या मधे दोन तारा टाकून ठेवल्या होत्या. एक निळी, नेहमीची. दुसरी अडीअडचणीची. तिचं नव्या इमारतीकडचं टोक लावलेलंच असायचं, जुन्या इमारतीकडचं लोंबत असायचं. त्या टोकाला त्यांनी पांढरी फीत गुंडाळली होती आणि वर चिठ्ठी: ‘ही तार लावू नये.’ निळी तुटली तर ही लावायची, एरवी नाही. नव्या जातीचे पूल आपापसात बोलून एक वाट स्वतःच बंद ठेवतात, दुसरी तुटली की स्वतःच उघडतात. ते घ्या म्हणून मास्तरांनी ऑफिसात सहा अर्ज दिले होते. आमच्या कारभार बघणाऱ्या साहेबांचं सहाही वेळा एकच उत्तर. “सध्या चालतंय ना? मग चालू दे.”

जुन्या इमारतीचा पूल होता कपड्यांच्या खोलीत, भिंतीवर. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे यांच्या गठ्ठ्यांच्या बरोबर वर. आणि त्या खोलीत काम करायच्या मास्तरांच्या थोरल्या बहीण.

त्यांना सगळं हॉस्पिटल ताई म्हणे. आईवडील गेले तेव्हा मास्तर नऊ वर्षांचे, ताई सतराच्या. स्वतःची शाळा सोडून त्यांनी भावाला शिकवलं, लग्न केलं नाही, आणि भावाच्या लग्नात भावजयीला पहिल्याच दिवशी सांगितलं, “हा रागावला की जेवत नाही, तेव्हा याला रागावू द्यायचं नाही.” ताईंचा हात असा की चादरीची घडी बघावी, कोपऱ्याला कोपरा. ताई चौदा वर्षं हंगामी होत्या. दर सहा महिन्यांनी एक दिवस घरी बसायचं आणि पुन्हा नव्यानं लागायचं. सत्तावन्न वय झालं, साठाला सगळेच घरी जातात, आणि हंगामी माणूस घरी गेला की त्याच्या मागे पेन्शन नाही, काही नाही. त्या वर्षी मात्र कायम करायच्या लोकांची यादी निघाली, आणि तिच्यात अकरावं नाव ताईंचं होतं. शेवटची सही तेवढी व्हायची होती. ताई ती यादी बघायला रोज नोटीस फळ्यापाशी जायच्या. नाव कोणी पुसलं तर नाही ना, एवढंच बघायला.

आता त्याच्याही दोन वर्षं आधीची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळं तिथून सुरू झालं. मास्तर तापानं फणफणून घरी पडले होते. इकडे उंदरानं निळी तार कुरतडली आणि दोन इमारतींचं बोलणं तुटलं. साहेबांनी फोन केला, मास्तरांना धड उठता येईना. त्यांनी ताईंना फोनवर घेतलं.

“ताई, भिंतीवरच्या पेटीपाशी एक तार लोंबतेय बघ. पांढऱ्या फितीची.”

“तिच्यावर लावू नये लिहिलंय रे.”

“ती चिठ्ठी बाकीच्यांसाठी. तू लाव. मोकळ्या भोकात, खट् वाजेपर्यंत.”

खट् वाजलं आणि हॉस्पिटल चालू झालं. साहेब स्वतः कपड्यांच्या खोलीत येऊन ‘वा ताई’ म्हणाले. पुढचा महिनाभर ताई ज्याला त्याला ते खट् ऐकवत होत्या. मास्तर बरे होऊन आले, त्यांनी नवी निळी तार ओढली, पांढरी काढून पुन्हा लोंबती ठेवली. ताईंना ते एवढंच म्हणाले, “तुझ्यामुळे नाक राहिलं माझं.” निळी मेलेली असेल तरच पांढरी लावायची, हे ज्या माणसानं मला शंभरदा सांगितलं, त्यानं ते स्वतःच्या बहिणीला एकदाही सांगितलं नाही. तापात सुचलं नाही, नंतर गरज वाटली नाही.

तर यादीवरची सही अजून व्हायची होती. तो महिन्याचा पहिला सोमवार होता. रांग दारापर्यंत. क्ष-किरण विभाग महिन्याभराचे फोटो मोठ्या यंत्रात भरत होता, त्यामुळे सगळंच रेंगाळत होतं. एक नाव टाकायला दोन-दोन मिनिटं. लोक माझ्यावर ओरडत होते, मी लोकांवर. मास्तर नेहमीप्रमाणे पावणेअकराला कप घेऊन आले आणि म्हणाले, “वाट भरलीय, बंद नाही पडलेली. वीस मिनिटांत मोकळी होईल. धीर धरा.” मी त्यांना म्हटलं की हे तुम्ही रांगेला सांगा. ते खरंच रांगेला सांगू लागले, पाकिटं, पूल, सगळं. रांगेतला एक म्हातारा त्यांना म्हणाला, “बाबा, मला फक्त खोकला आहे.”

अकरा वाजून दहा मिनिटांनी माझा पडदा थिजला. शेजारच्या खिडकीचाही. औषधाच्या काउंटरवरून आरडाओरडा ऐकू आला. मास्तर माझ्या टेबलाखाली वाकले. तिथे एक लहान पूल होता, त्याचे हिरवे दिवे एरवी जो तो आपल्या चालीनं लुकलुकायचे. आता सगळे एकदम पेटत होते, एकदम विझत होते.

“वावटळ,” मास्तर म्हणाले, आणि त्यांचा चहा माझ्या रजिस्टरवर सांडला.

खिडकी बंद पडलीच होती, आणि रांगेच्या तावडीत एकटीनं सापडण्यापेक्षा मी त्यांच्या मागे निघाले. ते थेट नव्या इमारतीत, त्या डॉक्टरांच्या टेबलाखाली. तिथे काही नव्हतं. मग शेजारची खोली. मग वरचा मजला. प्रत्येक टेबलाखाली हा माणूस गुडघ्यांवर, एकेक तार काढतोय, दिवे बघतोय, पुन्हा लावतोय. तोवर प्रयोगशाळेचे रिपोर्ट अडकले, एकजण कागदावर आकडे लिहून जिन्यावरून धावतोय, परिचारिका फोनवर ओरडतायत. आणि ऑपरेशनच्या दाराशी आमच्या विश्वस्तांचे मेहुणे हिरवा झगा घालून, उपाशी, रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत कुडकुडत पडलेले. ते नंतर ठणठणीत बरे होऊन घरी गेले, पण झालेल्या अपमानावर काही इलाज लागू पडला नाही.

सव्वा तास गेला. सगळ्यात शेवटी आम्ही बोळ ओलांडून कपड्यांच्या खोलीत आलो. ताई वॉर्डांत चादरी द्यायला गेल्या होत्या. मास्तरांनी वर बघितलं. निळी तार आपल्या जागी. आणि तिच्या शेजारच्या भोकात पांढरी फीत.

 हात वर करून त्यांनी ती तार काढली. दिवे क्षणभर विझले आणि पुन्हा लागले, जो तो आपल्या चालीनं. बोळाच्या त्या टोकाहून ‘आलं, आलं’ असा ओरडा ऐकू आला.

“पहिल्यांदा इथेच यायला हवं होतं,” मास्तर म्हणाले. “आधी दोन इमारती एकमेकींपासून तोडायच्या, मग वावटळ कुठल्या बाजूला आहे ते बघायचं. शिकाऊ माणूससुद्धा हेच करील. पण इथे ताई असते. इथे कोण हात लावणार, म्हणून मी...”

 तेवढ्यात ताई रिकामी गाडी ढकलत आल्या, चेहरा घामेजलेला.

“झालं ना चालू? सकाळी वरच्या मजल्यावर सगळे म्हणत होते, नेटवर्क मरायला टेकलंय. मी म्हटलं, थांबा, माझ्या भावानं मला—”

“ताई,” मास्तर मोठ्यानं म्हणाले. मी त्यांना आवाज चढवताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. “आज तू इथे कशालाही हात लावलेला नाहीस.”

“अरे, लावला नाही कसा? मीच तर ती—”

“नाहीस लावला. कोणी विचारलं तरी नाही. माझी शपथ आहे.”

ताईंनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचं तोंड जरा फुगलं. “बरं बाबा. तुझंच नाव होऊ दे. मला काय करायचंय नावाशी.” आणि त्या घड्या घालायला बसल्या. त्यांना वाटलं, भाऊ श्रेय स्वतःकडे घेतोय.

करायला गेले काय आणि उलटे झाले पाय, असं आपण सहज म्हणतो. त्या दिवशी मला कळलं की ज्याचे उलटे होतात त्याला ते दिसतातच असं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी चौकशी लावली. यंत्रं जुनी झाली, हे कारण त्यांना नको होतं. कारण ते अर्ज कोणी परत पाठवले हा प्रश्न लगेच पुढे आला असता. त्यांना हात हवा होता. हात कोणाचा? आणि कपड्यांच्या खोलीत कोण बसतं हे सगळ्यांना माहीत होतं. साहेब माझ्यासमोर म्हणाले, “त्या बाई हंगामीच आहेत ना? यादीत आहेत म्हणे. त्यांनी केलं असेल तर प्रश्नच मिटला. एक रेघ मारायची.”

मी त्या दिवशी चहाच्या वेळी मास्तरांना गाठलं. खरं म्हणजे तेच मला गाठायला आले होते.

“मी सांगितलंय की तार मी लावली,” ते म्हणाले. “घाईत, चुकून.”

“तुम्ही तेव्हा माझ्यासमोर उभे होता. अख्ख्या रांगेला व्याख्यान देत होता.”

“म्हणून तर आलोय. साहेब तुम्हाला विचारतील. तुम्ही म्हणा की मधे दहा मिनिटं मी नव्हतो.”

माझ्या रजिस्टरात एकोणीस वर्षांत एक वेळ खोटी लिहिलेली नाही. कोणी मंत्र्याचा माणूस म्हणून आला तरी आलेली वेळ ती आलेली वेळ. मी हे त्यांना ऐकवलं, चांगलंच ऐकवलं. मी म्हटलं, “चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर मी ओढायचा?”

“इथे चोर कोण आहे?” ते म्हणाले. “तिनं तेच केलं जे मी तिला सांगितलं होतं. मी अर्धंच सांगितलं. ही चूक माझी नाही तर कोणाची?”

“मग निदान ताईंना खरं सांगा.”

“सांगितलं तर ती त्याच पावली साहेबांकडे जाईल. ‘माझ्या भावानं नाही, मी लावली’ म्हणेल. तुम्हाला काय वाटतं, एक क्षण तरी थांबेल?”

नसत्याच थांबल्या. हे मलाही माहीत होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असा तो प्रकार. मी दिवसभर लोकांवर खेकसत राहिले, आणि संध्याकाळी साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले तेव्हा मास्तर शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसले होते.

“रांगेतले लोक सांगतात की हे तुमच्या खिडकीपाशीच होते,” साहेब म्हणाले.

“होते,” मी म्हणाले. “पण अकराच्या सुमारास दहा मिनिटं उठून गेले होते. मग परत आले.”

“नक्की?”

“माझ्या वेळा चुकत नाहीत, साहेब.”

साहेबांनी ते लिहून घेतलं. माझी सही घेतली. इतकं सोपं होतं ते, याचा मला आजही राग येतो.

मास्तरांच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि त्यांना तळघरात पाठवलं. तिथे जुन्या केसपेपरांचे गठ्ठे असतात. तिथे कॉम्प्युटर नाही, तार नाही, एक ट्यूबलाइट आहे ती फडफडते. ‘उपकरणांची निष्काळजी हाताळणी’ एवढंच आदेशात लिहिलं होतं. लोकांना तेवढं पुरलं. कँटीनमधे त्यांना आता वावटळमास्तर म्हणू लागले. एकोणीस वर्षं ज्याच्यामुळे यांचे रिपोर्ट वेळेवर पोचले, त्याच्याकडे बघून हे दात काढायचे. मी दोघांना तोंडावर बोलले, त्यांनी ते आणखी चारजणांना सांगितलं. माझ्या तोंडाचा उपयोग तेवढाच.

दोन महिन्यांत नव्या जातीचे पूल आले. मास्तरांनी सहा वेळा मागितलेले, तेच. वरातीमागून घोडं. कोणा बाहेरच्या कंपनीच्या माणसांनी बसवले. जेवणाच्या सुट्टीत मी तळघरात गेले की मास्तर विचारायचे, “कपड्यांच्या खोलीतला कसा दिसतो?” मी सांगायचे, काळा आहे, चपटा आहे. “दोन्ही तारा लावल्यात?” हो, दोन्ही. “मग एकीचा दिवा पिवळा असेल बघा. हिरवा नाही, पिवळा.” मी मुद्दाम जाऊन बघून आले. पिवळाच होता. “ती वाट त्यानं स्वतः बंद ठेवलीय,” मास्तर म्हणाले, आणि त्यांना खरंच आनंद झाला. तो आनंद बघवेना म्हणून मी वर निघून आले.

ताई त्यांच्यावर चिडल्या होत्या. एकदा बोळात मी स्वतः ऐकलं. “एवढी वर्षं या तारांत घालवलीस, आणि एवढी साधी चूक? माणसात मान वर करता येईना मला. काय केलंस तरी काय नक्की?”

“चुकलं, ताई.”

“चुकलं काय! तुला शिकवायला मी...” आणि मग त्यांनी भावाच्या शर्टाची कॉलर सरळ केली. “जेवलास का?”

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मी त्या बोळात पाहिलं. मी मास्तरांना पुन्हा म्हटलं, एकदा त्यांचा कायमचा कागद हातात पडला की सांगून टाका. ते म्हणाले, “मग तो कागद तिला गोड लागेल का?”  

कागद पडला. अकरा नावांपैकी नऊ कायम झाली, त्यात ताई. त्या माझ्या खिडकीशी आल्या, रांग नव्हती, दुपारचे दोन वाजले असतील. नवीन क्रमांक रजिस्टरात चढवायचा होता. मी तो चढवला, जरा मोठ्या अक्षरात. त्यांनी काचेतून ते अक्षर दोनदा वाचलं. हातात डब्याची पिशवी होती.

“बाई,” त्या म्हणाल्या, “एक विचारू? तुम्ही त्या दिवशी होतात त्याच्याबरोबर.”

मी पेन खाली ठेवलं.

“त्यानं शपथ घातलीय, म्हणून कोणाला बोलले नाही. त्या दिवशी सगळं मरायला टेकलंय असं कळलं, तेव्हा मी ती पांढरी तार लावली होती. मागच्या वेळी लावली होती ना, तशीच. खट् वाजलं सुद्धा. पण मला उशीर झाला हो. आधी गाडी भरत बसले. म्हटलं, चादरी आटपू आणि मग लावू. दहा मिनिटं तरी गेली असतील.” त्यांनी पदरानं नाक पुसलं. “माझ्या जिवाला लागून राहिलंय ते. रोज घड्या घालताना तेच येतं मनात. चादरी टाकून आधी तार लावली असती, तर त्याची चूक झाकली गेली असती. आज तो तिकडे खाली नसता. खरं सांगा, नसता ना?”

मी काचेच्या अलीकडे बसले होते. खरं माझ्या तोंडात होतं, पूर्ण. त्यातलं अर्धं सांगायची सोय नव्हती.

“नाही हो ताई,” मी म्हणाले. “तुम्ही आधी लावली असती तरी काही उपयोग झाला नसता.”

ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि काचेखालून हात आत घालून माझा हात दाबला.

“माझं मन राखायला म्हणताय तुम्ही,” त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसून भावाला डबा द्यायला तळघराकडे गेल्या.